सुभेदार रामजी मालोजी सकपाळ : एका पेन्शनर बापाचे स्मरण

आपल्या वस्तीत १४ एप्रिलला पताका लागतात, ६ डिसेंबरला पांढरी वस्त्रे घालून आपण चैत्यभूमीवर जातो, ७ फेब्रुवारीला माता रमाईची जयंती महिला मंडळ उत्साहाने करते. पण त्याच्या पाच दिवस आधी २ फेब्रुवारी येऊन जाते, आणि बहुतेक घरांत तिचा पत्ताही नसतो. २ फेब्रुवारी १९१३ या दिवशी परळच्या चाळीत एक म्हातारा पेन्शनर सुभेदार वारला. त्यांचे नाव रामजी मालोजी सकपाळ. परमपूज्य बाबासाहेबांचे ते वडील.

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत काय लिहावे, असा प्रश्न आला तेव्हा आम्हाला हाच विषय सुचला. बाबासाहेबांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांच्या बापावर आपल्यासारख्या बापांनी लिहिले पाहिजे. कारण हा माणूस राजा नव्हता, महंत नव्हता, पुढारीही नव्हता. पलटणीत नोकरी केली, पेन्शन घेतली, पोरे वाढवली, एवढेच त्याचे चरित्र. पण ती पोरे त्याने कशी वाढवली, हे नीट पाहिले तर आपल्या चळवळीचा पाया कुठे घातला गेला ते कळते.

पलटणीतला मास्तर

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही पलटणीतले शिपाई. कोकणातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजाला त्या काळी गावकीच्या कामातून सुटायचे दोन-तीनच रस्ते होते. त्यातला सर्वांत मोठा रस्ता म्हणजे इंग्रजांची पलटण. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा स्तंभ आपण पाहतो. त्यावर कोरलेली ‘नाक’ शेवटी असलेली नावे ही याच रस्त्याने गेलेल्या आपल्या पूर्वजांची आहेत.

पलटणीने नुसता पगार दिला नाही. तिथे शाळा होती. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकणे भागच असे. मुलांची शाळा दिवसा आणि मोठ्यांची रात्री. गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ होई, त्याच्या हातात पलटणीत पाटी आली. आणि पाटी एकट्या पुरुषाच्या हातात राहिली नाही. पलटणीतल्या घरच्या बायका-मुलीही वाचायला शिकल्या. महात्मा फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. तेव्हा गावागावांत अंधारच होता. त्या अंधारात पलटणीच्या छावण्यांतून आपल्या लोकांच्या घरात अक्षर शिरले.

रामजी या शाळेतून शिकले, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून मास्तरकीची परीक्षा पास झाले, आणि पलटणीच्या शाळेत हेडमास्तर झाले. ते काम त्यांनी चौदा वर्षे केले. म्हणजे आपण त्यांना सुभेदार म्हणतो खरे, पण ते जन्माचे मास्तर. मराठी उत्तम, इंग्रजी चांगले, हिशेब पक्का. कबीरपंथी असल्यामुळे दारू नाही, मांस नाही. महात्मा फुल्यांविषयी त्यांना मोठा आदर होता, असे चरित्रकार सांगतात.

त्यांचे लग्न ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाले. हे घराणेही लष्करातलेच, सासरे सुभेदार मेजर. या जोडप्याला चौदा मुले झाली. त्यातली बरीच लहानपणीच गेली. बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली पुढे आपल्याला नावाने भेटतात. सर्वांत धाकटा भीमराव, १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला. महू म्हणजे मध्य प्रदेशात इंदूरजवळ, आजचे डॉ. आंबेडकर नगर.

या जन्माबद्दल एका साधूच्या आशीर्वादाची गोष्ट सांगतात. ज्याला ती सांगायची त्याने सांगावी. आशीर्वादाने कोणी बॅरिस्टर होत नाही. त्या पोराला रात्री दोन वाजता उठवणारा बाप होता, ही गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

दरवाजा बंद झाला

भीमराव वर्ष-दोन वर्षांचा असेल नसेल, तोच आपल्या समाजावर एक घाव पडला. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कारण काय? तर लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा शोध गोऱ्या साहेबांनी लावला. लॉर्ड रॉबर्ट्स हे सरसेनापती होते, त्यांचा ओढा पंजाबी, पठाण, गुरखा यांच्याकडे. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारसाठी रक्त सांडले, त्यांना ‘तुम्ही लढाऊ नाही’ असे तोंडावर सांगितले.

या निर्णयाने किती मोठे नुकसान झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. एक नोकरी गेली एवढेच झाले नाही. पगार गेला, पाठोपाठ शाळा गेली, म्हातारपणची पेन्शन गेली. गावातल्या पाटील-कुलकर्ण्याला न भिता राहता येईल असा जो एक आधार होता, तो गेला. म्हणून या बंदीविरुद्ध पहिला आवाज उठवला तो पेन्शनरांनीच. दापोलीला लष्करी पेन्शनरांची मोठी वस्ती होती. तिथे गोपाळबाबा वलंगकर होते. १८८६ साली पलटणीतून निवृत्त झालेले, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेवर तुटून पडलेले. भरतीबंदीविरुद्धचा अर्ज त्यांनी तयार केला. रामजींनीही या कामी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन अर्ज करण्याची खटपट केली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे १९१० साली पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तीच मागणी विलायतेपर्यंत नेली.

अर्जांचा लगेच उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली, आणि काम भागल्यावर १९२१ साली मोडून टाकली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्षी सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर कोण होते? रामजी सुभेदारांचा धाकटा मुलगा! बापाने जो दरवाजा ठोठावला, तो उघडायला मुलगा आत बसला होता. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

सांगायचा मुद्दा हा, की रामजी हे त्या दरवाजातून आत जाऊ शकलेल्या शेवटच्या पिढीतले. मागून येणाऱ्यांना तो बंद झाला होता. आपल्याला जे मिळाले ते पुढच्या पोरांना मिळणार नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. मग त्यांनी काय केले? पलटणीतून जी शाळा आणि जी शिस्त मिळाली होती, ती त्यांनी घरात आणली. सरकारने पलटणीतली शाळा बंद केली, सुभेदारांनी घरात शाळा सुरू केली.

साताऱ्याचे घर

निवृत्त झाल्यावर रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले, आणि तिथून साताऱ्याला गेले. साताऱ्यातच भीमाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचा. रामजींच्या भगिनी मीराबाई पाठीने अधू होत्या. त्यांनी या आईवेगळ्या पोरांना पदराखाली घेतले. आज आपण भीमाईचे नाव घेतो, रमाईचे घेतो. त्यांच्याबरोबर या मीराआत्याचेही घेतले पाहिजे.

साताऱ्यातल्या दिवसांचे वर्णन बाबासाहेबांनी स्वतः करून ठेवले आहे. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे टिपण इंग्रजीत लिहिले. ते पुस्तकरूपाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यात ते सांगतात, की शाळेत बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, तो नसला तर पाणी नाही. साताऱ्यात धोबी होते आणि धोब्याला द्यायला घरात पैसेही होते. पण धोबी आमचे कपडे धुवेना, म्हणून बहिणी धूत. न्हावी केस कापेना, म्हणून मोठी बहीण सगळ्या भावांचे केस कापी, आणि कापता कापता ती त्यात चांगली तरबेज झाली होती.

बघा, सुभेदाराचे घर! पेन्शन येते, अंगावर धड कपडा आहे, पोरे हायस्कूलात जातात. तरी डोक्याचे केस कापायला माणूस मिळत नाही. पैसा आला की जात जाते असे म्हणणारे अजूनही भेटतात, त्यांना हे साताऱ्याचे घर दाखवावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव सातारच्या हायस्कूलच्या रजिस्टरात ‘भिवा’ म्हणून लागले. ते गोणपाट रोज सकाळी काखेत मारून पोरगा शाळेत जात होता, आणि बाप त्याला रोज पाठवत होता. ‘अपमान होतो तर राहू दे शाळा’ असे एकदाही म्हणाला नाही.

गोरेगावची बैलगाडी

त्याच काळातला तो प्रवास पुष्कळांना ठाऊक आहे, पण तो बापाच्या बाजूने कोणी वाचत नाही. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे काम काढले होते. पेन्शनीत भागत नव्हते म्हणून म्हातारपणी घरापासून लांब ही नोकरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पोरांना बोलावून घेतले. भीमराव, त्याचा भाऊ आणि वारलेल्या बहिणीचे दोन मुलगे निघाले. नवे शर्ट, नक्षीच्या टोप्या, नवे बूट, रेशमी काठाची धोतरे. पोरे आगगाडीत पहिल्यांदाच बसत होती.

मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कोणी नाही. स्टेशनमास्तरने आधी गोडीने चौकशी केली, जात कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. गाडीवाला बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि पोरांनीच गाडी हाकायची, गाडीवाल्याने बरोबर चालायचे असे ठरले. शिदोरी होती पण पाणी नव्हते, म्हणून शिदोरीही तशीच राहिली. टोलनाक्यावर मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले, तरी मिळाले नाही. रात्र गाडीत काढून दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोरे गोरेगावला पोचली.

रामजींना पोरे येणार हे ठाऊकच नव्हते. पत्र आले होते, पण नोकराने ते त्यांच्या हातात दिलेच नव्हते. आता त्या बापाच्या मनाचा विचार करा. हौसेने नवे कपडे शिवून, सगळा बेत सांगून पोरांना बोलावले. ती धुळीने माखलेली, रात्रभर उपाशी-तहानलेली, भेदरलेली अशी दारात उभी. चूक एका नोकराची, पण त्या चुकीची एवढी मोठी शिक्षा चार पोरांना का? दुसऱ्या कुणाची पोरे असती तर स्टेशनमास्तरनेच गाडी करून दिली असती. नव्या कपड्यांनी, बुटांनी, सुभेदाराच्या नावाने पोरांना संरक्षण मिळत नाही, हे त्या दिवशी बापलेक दोघांनाही कळले असेल. बाबासाहेब लिहितात, की हा प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

गिरणीत जायला निघालेला भीमराव

रामजींनी जिजाबाई नावाच्या बाईंशी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावाला फार राग येई. घरात राहू नये, बापाच्या जिवावर जगू नये, असे त्याने ठरवले. मग कुठे जायचे? तर मुंबईला, गिरणीत! साताऱ्याकडची पोरे गिरणीत कामाला लागतात हे त्याने ऐकले होते. भाड्याला पैसे हवेत म्हणून मीराआत्याच्या कमरेची पिशवी रात्री काढायचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, आणि तिच्यात निघाला अर्धा आणा! तेव्हा त्याने ठरवले, की आता पळून जायचे नाही, असा अभ्यास करायचा की लवकर स्वतःच्या पायावर उभे राहू. ही हकीकत बाबासाहेबांनीच सांगितलेली आहे.

आम्ही गिरणी कामगार ही गोष्ट एकमेकांना सांगतो तेव्हा हसतो, पण हसता हसता अंगावर काटाही येतो. पिशवीत पाच-दहा रुपये निघाले असते तर? तर आमच्याच कुठल्या तरी खात्यात एक हुशार कामगार वाढला असता, आणि महाडचे तळे अजून बंदच असते. गिरणीच्या भोंग्याने आपली किती हुशार पोरे अशी गिळली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

परळची एक खोली

१९०४ साली रामजी सगळे बिऱ्हाड घेऊन मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली. तीच खोली स्वयंपाकाची, झोपण्याची, अभ्यासाची. चूल तिथेच, जाते तिथेच, बकरी तिथेच. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा खोलीत अभ्यास कसा व्हायचा? सुभेदारांनी त्यावर पलटणी तोडगा काढला. भीमरावाने संध्याकाळी लवकर झोपायचे. रात्री दोन वाजता, सगळी चाळ गाढ झोपलेली असताना, बापाने त्याला उठवायचे. मग घासलेटच्या दिव्यावर अभ्यास. हॉवर्ड साहेबांची इंग्रजीची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला रामजींनी त्याच्याकडून पाठ करून घेतली होती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये पोराने चांगल्या घरच्या पोरांबरोबर बसून उत्तर दिले पाहिजे, तर तयारी घरी झाली पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

दोन्ही मुलांना शिकवणे झेपेना, तेव्हा आनंदरावांना शिक्षण सोडून कामाला लागावे लागले. एक शिकला त्यामागे दुसऱ्याचा त्याग आहे, हे विसरू नये. बहिणींचाही आहे. भीमरावाला पुस्तकांचे वेड. शाळेच्या पुस्तकाबाहेरचे एखादे पुस्तक हवे असले की तो बापाकडे हट्ट धरी. बापाकडे पैसे नसत. मग हा म्हातारा सुभेदार उठून लग्न झालेल्या मुलीच्या घरी जाई. धाकटीकडे असले तर घेई, नाही तर थोरलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणी. तो मारवाड्याकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत मुलीच्या हातात द्यायचा.

आमच्या मते आपल्या चळवळीच्या इतिहासातले हे एक सोन्याचे पान आहे. दागिने आपल्याकडेही गहाण पडतात. पण बहुधा कशासाठी? लग्नातल्या मानपानासाठी, बारशासाठी, कधी नवऱ्याच्या दारूच्या उधारीसाठी. मुलीच्या गळ्यातले काढून मुलाच्या हातात पुस्तक देणारा, आणि ते न विसरता मुलीला परत करणारा बाप विरळा. त्या मुली धन्य, ज्यांनी ते आनंदाने काढून दिले.

बाप-लेकाचा वाद

आता कोणी उपासक विचारील, की हा कबीरपंथी माणूस, घरात रामायण-महाभारत वाचणारा. बौद्ध विहाराच्या स्मरणिकेत त्याचे गुणगान कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी एक प्रस्तावना लिहिली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही, पुढे प्रसिद्ध झाली. आपण बुद्धाकडे कसे वळलो ते सांगताना बाबासाहेब त्यात सुरुवात करतात ती आपल्या वडिलांपासून.

ते लिहितात, की भीमराव इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा समाजातल्या लोकांना सभा घेऊन त्याचा सत्कार करायचा होता. रामजींनी साफ नकार दिला. म्हणाले, पोराचे डोके फिरेल, परीक्षाच तर पास झालाय, दुसरे काय केलेय? मग लोकांनी त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातले. त्यांच्या शब्दाखातर रामजी कबूल झाले. सभा झाली, अध्यक्षस्थानी केळुसकर गुरुजी. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या पोराला भेट दिले. ज्या सभेला बाप नको म्हणत होता, त्या सभेत बुद्ध आमच्या बाबासाहेबांच्या हाती आला!

पोराने ते वाचले आणि बापाला जाब विचारला. तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? त्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी. पहिल्यांदा बाप रागावला, असले प्रश्न विचारू नकोस, सांगितले तेवढे कर म्हणाला. घरात त्यांचा दरारा जुन्या रोममधल्या कुटुंबप्रमुखासारखा होता, असे बाबासाहेब म्हणतात. पण आईविना वाढलेला धाकटा म्हणून याला थोडी मोकळीक होती. काही दिवसांनी त्याने पुन्हा विचारले. या वेळी बापाने विचार करून उत्तर दिले. आपण अस्पृश्य जातीतले, तुमच्या मनात न्यूनगंड येणार. तो जावा म्हणून हे वाचायचे. द्रोण, कर्ण लहान घरचे, पण केवढे मोठे झाले. वाल्मीकी कोळी, पण त्याने रामायण लिहिले.

या उत्तरात जोर आहे हे पोराने मानले, पण त्याचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण मला पटत नाहीत, आणि वाली-सुग्रीव, शूर्पणखा, सीता यांच्याशी वागणारा रामही पटत नाही, असे त्याने बापाच्या तोंडावर सांगितले. बाप गप्प राहिला. पोरगा बंड करतोय हे त्याने ओळखले.

आम्हाला या गप्प राहण्यात रामजींचा मोठेपणा दिसतो. पलटणीतला सुभेदार, घरात ज्याचा शब्द खाली पडत नाही असा माणूस. मनात आणले असते तर पाठीत काठी घातली असती, पुस्तक चुलीत टाकले असते. त्याने तसे केले नाही. त्याची औषधाची बाटली चुकीची असेल, पण पोरांचा रोग त्याने बरोबर ओळखला होता : मनातला न्यूनगंड. त्या रोगावरचे खरे औषध पोराला सापडले, तेव्हा बाप आडवा आला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडले, त्याचे एक टोक परळच्या त्या चाळीतल्या बाप-लेकाच्या वादात आहे.

शेवटची भेट

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. शिकत असतानाच रमाईशी त्याचे लग्न झाले, ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. केळुसकरांच्या खटपटीने सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. कुटुंब पोयबावाडीतल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्यांत गेले. एक खोली संसाराला, दुसरी अभ्यासाला. १९१२ साली भीमराव बी.ए. झाला.

जानेवारी १९१३ मध्ये तो बडोद्याला नोकरीवर गेला. रामजींना ते फारसे पसंत नव्हते. तिथे आपल्या पोराची काय गत होईल, हे साताऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला समजत होते. पुढे बडोद्यात १९१७ साली जे झाले, ते पाहता म्हाताऱ्याची शंका खोटी नव्हती. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव तडक निघाला. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी सुटली! दुसऱ्या गाडीने येईपर्यंत एक दिवस गेला. घरी आला तेव्हा सुभेदारांचे प्राण जणू पोरासाठीच अडकले होते. त्यांनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला, आणि डोळे मिटले. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. बापाला ते पाहायला मिळाले नाही. पण मुलगा विसरला नाही. १९२३ साली लंडनला ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल तिथे कृतज्ञता नोंदवली आहे. रुपयाचा प्रश्न जगाला समजावून सांगणाऱ्या पंडिताला रुपयाचा पहिला धडा कोणी दिला? मारवाड्याच्या दुकानात दागिना ठेवून पुस्तक घेणाऱ्या बापाने!

आपण काय घ्यायचे?

बंधू-भगिनींनो, आमच्या पिढीने गिरण्या बंद पडताना पाहिल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणगावाची घडी कायमची विस्कटली. आमच्यावर तो दरवाजा बंद झाला, जसा रामजींच्या काळात पलटणीचा झाला होता. त्या धक्क्याने काही घरे दारूत गेली, काही गावाकडे परतली. पण काही घरांत बापांनी ठरवले, की आपला पगार गेला तरी पोराची शाळा जाता कामा नये. आईने डबे केले, बापाने वॉचमनची नोकरी धरली. आज त्या घरांत मास्तर आहेत, नर्स आहेत, इंजिनिअर आहेत. त्या बापांना कोणी हार घातला नाही. ते सगळे रामजींचेच वारस आहेत, असे आम्ही मानतो.

रामजींनी मोर्चा काढला नाही, सभा गाजवली नाही. एक अर्जाची खटपट सोडली तर त्यांची चळवळ घराच्या उंबऱ्याच्या आतच राहिली. पण नियमाने उठणे, व्यसनापासून दूर राहणे, पोराजवळ बसून त्याचे पाठांतर घेणे, मुलींनाही वाचायला शिकवणे, पोराचा प्रश्न ऐकून घेणे, हीसुद्धा चळवळच आहे. आणि ती करायला पुढाऱ्याची परवानगी लागत नाही.

म्हणून विहाराच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. दरवर्षी २ फेब्रुवारीला संध्याकाळी विहारात अर्धा तास वंदना घ्यावी, आणि त्या दिवशी भाषणे न करता वस्तीतल्या बापांनी आपापल्या मुला-मुलींना घेऊन अभ्यासाला बसावे. विहारात वाचनाची खोली आहे, दिवे आहेत, पंखे आहेत. सुभेदारांकडे घासलेटचा एक दिवा होता. तेवढ्या उजेडात त्यांनी काय केले ते आपण पाहिले. आपल्याकडे उजेड त्यापेक्षा पुष्कळ आहे.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जयभीम!